विश्लेषण : पितळेवरचा हिरवा थर आणि ‘ऑरिकॅल्साइट’ खनिज यांचे नाते काय?

सणवार आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. त्यांच्या कडांना साचलेला निळसर-हिरवा थर चिंच लावून घासला जातो. याच जातकुळीचा पदार्थ निसर्गात खनिज म्हणून सापडतो. त्याचे नाव ऑरिकॅल्साइट.

हे खनिज काय आहे?

ऑरिकॅल्साइट म्हणजे जस्त आणि तांब्याचे जलयुक्त कार्बोनेट. निळा-हिरवा रंग तांब्यामुळे येतो. पितळही याच दोन धातूंचे. म्हणूनच १८३९ मध्ये या खनिजाला लॅटिनमधील पितळवाचक शब्दावरून नाव मिळाले. त्याचे सुईसारखे स्फटिक पिसांच्या झुपक्यांसारखे दिसतात आणि नखानेही ओरखडतात.

ते कसे तयार होते?

जस्त-तांब्याच्या गंधकयुक्त धातुकांपर्यंत पावसाचे पाणी आणि हवा पोहोचली की ती गंजतात. विरघळलेल्या धातूंचा पाण्यातील किंवा चुनखडीतील कार्बोनेटशी संयोग होतो आणि खडकाच्या फटींत हे खनिज जमते. मेक्सिकोतील मापिमी, अमेरिकेतील बिस्बी आणि ग्रीसमधील लॉरियम येथील खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

आपल्याकडे का नाही?

ठाणे जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टवर वसला आहे. त्यात जस्त-तांब्याचे मोठे साठे नाहीत. राज्यात या धातूंची धातुके आहेत ती विदर्भात, नागपूर-चंद्रपूर भागात. बेसॉल्टमध्ये दिसणारा हिरवा रंग बहुधा लोहयुक्त सेलॅडोनाइटचा असतो. पुण्याजवळच्या वाघोलीचे प्रसिद्ध निळे कॅव्हनसाइट व्हॅनेडियममुळे निळे दिसते. त्यामुळे नुसत्या रंगावरून दगड ओळखू नये.

मग घरातल्या भांड्यांचे काय?

भांड्यावरचा हिरवा थर मुख्यतः तांब्याच्या क्षारांचा असतो. ताक, चिंच, कोकम यांसारख्या आंबट पदार्थांत हे क्षार विरघळतात. पदार्थ ‘कळकला’ असे आपण म्हणतो ते यालाच. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो अन्न आणि पितळ यांच्यामध्ये आड येतो. कल्हई उडाली असेल तर त्या भांड्यात आंबट पदार्थ करू वा ठेवू नयेत. आधी पुन्हा कल्हई करून घ्यावी.