दहा पानांची सवय



माझे वडील लष्करात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. अंबाला झाले, जबलपूर झाले. शाळा, शेजारी, मित्र सगळे बदलत. बदलत नसे ती आमची काळी ट्रंक. तिच्या तळाशी माझे 'किशोर'चे अंक असत. 'बालभारती'ने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू केलेले हे मासिक आजोबा साताऱ्याहून टपालाने पाठवत. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मराठी फक्त घरात. ती वाचायला मला 'किशोर'नेच शिकवले.

पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा संकटात सापडायचा आणि डोके चालवून सुटायचा. नव्या गावात खेळायला कोणी नसे, तेव्हा माझा मित्र तोच.

दहावीनंतर मात्र अभ्यासाच्या नावाखाली अवांतर वाचन सुटले. तरीही एसएसबीच्या फॉर्मवर छंद म्हणून मी 'वाचन' लिहिले. मुलाखतीत अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "शेवटचे पुस्तक कोणते वाचले?" मी एका जाड इंग्रजी पुस्तकाचे नाव ठोकून दिले. त्याचे मी फक्त मुखपृष्ठ पाहिले होते. पुढचा प्रश्न आला, "त्यातले काय पटले नाही?" मी गप्प. माझी निवड झाली नाही. कारण तेवढे एकच असेल असे नाही. पण परतीच्या गाडीत ती शांतता मला छळत राहिली. खरे तर फास्टर फेणेवर मी अर्धा तास बोलू शकलो असतो!

आज शिक्षक म्हणून मला वाटते, वाचनाचे सोंग फार काळ टिकत नाही. एसएसबीच्या चित्रकथा चाचणीत चित्र ३० सेकंद दिसते आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची असते. शब्द चाचणीत एका शब्दाला १५ सेकंद मिळतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही. मनात जे साठलेले असते तेच कागदावर उतरते. आणि ही साठवण आठवडाभरात होत नाही.

मग सवय कशी लावावी? त्या परतीच्या प्रवासानंतर मी पुन्हा सुरुवात केली ती रोज दहा पानांनी. हिशोब सोपा आहे. रोज १० पाने म्हणजे महिन्याला ३००, म्हणजे साधारण एक पुस्तक. वर्षाला १२. सहावी ते बारावी या सात वर्षांत ८४ पुस्तके! प्रेप संपल्यावर आणि लाइट्स आऊटच्या आधी एवढा वेळ नक्की निघतो.

दुसरे, आवडेल तेच वाचा. पन्नास पानांनंतरही गोडी लागली नाही, तर पुस्तक खुशाल परत करा आणि दुसरे घ्या. तिसरे, पुस्तक संपले की वहीत दोनच ओळी लिहा: काय पटले आणि काय पटले नाही. त्या दिवशी मला नेमकी हीच दुसरी ओळ सुचली नव्हती.

पालकांनाही एक विनंती. भेटीच्या दिवशी लाडू जरूर आणा, पण डब्यासोबत एखादे मराठी पुस्तकही आणा. महाराष्ट्राबाहेर ते सहज मिळत नसेल, तर 'किशोर'चे जुने अंक 'बालभारती'च्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मुलाने वाचले का, याची परीक्षा घेऊ नका. तुम्हीही तेच वाचा आणि फोनवर त्याविषयी गप्पा मारा.

मित्रांनो, उद्या तुमच्याही बदल्या होतील. सामान मोजकेच नेता येईल. त्यात एका पुस्तकापुरती जागा ठेवा. अनोळखी ठाण्यावरची पहिली रात्र त्याच्या सोबतीने सोपी जाते, हे मी लहानपणीच अनुभवले आहे.