बांगडीतला काळा पट्टा

भांड्यांच्या साबणाच्या दाट पाण्यात एक बांगडी बुडवा. मागे काळं कापड ठेवून ती उभी धरा आणि खिडकीचा उजेड तिच्यावर पडू द्या. बांगडीत ताणलेल्या पापुद्र्यावर हिरवे-गुलाबी आडवे पट्टे दिसतात आणि सावकाश खाली सरकतात. थोड्या वेळाने वरची कड काळी होते. “भोक पडलं!” पोरं ओरडतात.

भोक नसतं. खरंच पडलं असतं, तर पापुद्रा त्याच क्षणी फुटला असता. पाणी खाली ओघळल्यामुळे वर तो अतिशय पातळ झालेला असतो, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (400 ते 700 नॅनोमीटर) कितीतरी पातळ. पापुद्र्याच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा तरंग उलटतो, म्हणजे शिखराची दरी होते. मागच्या पृष्ठभागावरून परतणारा मात्र उलटत नाही. दोघांच्या वाटेत जवळजवळ फरक नसल्याने शिखर दरीवर बसतं आणि परतणारा उजेड जवळपास शून्य होतो.

मग तो उजेड नष्ट झाला का? नाही, पलीकडे गेला. चष्म्याच्या काचेवरच्या चकाकी घालवणाऱ्या लेपाचंही हेच. लेप प्रकाश शोषतो असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात परतणारे तरंग एकमेकांना मारतात आणि वाचलेला उजेड डोळ्यापर्यंत पोचतो.

पापुद्र्यावरचे रंग इंद्रधनुष्याचेच, हा आणखी एक समज. इंद्रधनुष्यात थेंब रंग वेगळे करतो, इथे काही रंग वजा होतात आणि उरलेले मिसळून दिसतात. म्हणून तर पापुद्र्यावर राणी रंग सापडतो; इंद्रधनुष्याच्या सात रंगांत तो शोधून दाखवा!

तरंग असे एकमेकांना मारत असतील, तर खोलीत दोन ट्यूबलाइट लावल्यावर भिंतीवर पट्टे का उमटत नाहीत? कारण त्यांच्या तरंगांचा आपसात मेळ क्षणभरही टिकत नाही. पट्टे दिसायला एकाच उजेडाच्या दोन वाटा कराव्या लागतात.

शास्त्रज्ञ थॉमस यंगने तेच केलं. त्याचं नाव काढलं की उजेड दोन फटींतून सोडण्याचा प्रयोग आठवतो, पण 1803 मध्ये त्याने सांगितलेल्या प्रयोगात फटी नव्हत्याच. बारीक छिद्रातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्याने मिलिमीटरहून कमी रुंदीची कार्डाची पट्टी धरली. तिच्या सावलीतही उजेड-अंधाराचे पट्टे होते. एका बाजूचा उजेड अडवल्याबरोबर ते गेले. म्हणजे दोन्हीकडून उजेड येत असताना जिथे अंधार होता, तिथला अंधार एक बाजू झाकल्यावर नाहीसा झाला.