चेंडूला हात न लावणारे

२ ऑगस्ट २०२५ ला ग्रीन बे पॅकर्सचा स्टर्लिंग शार्प अमेरिकन फुटबॉलच्या कँटन इथल्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला, तेव्हा त्याने शेवटचा सामना खेळून तीस वर्षं उलटून गेली होती. धाकटा भाऊ शॅनन २०११ मध्येच तिथे पोहोचला होता. दोन सख्खे भाऊ खेळाडू म्हणून हॉलमध्ये येण्याची ही पहिलीच वेळ, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलं आहे. शॅननने आपल्या सन्मानाच्या भाषणात सांगून टाकलं होतं, की आपण घरातलेसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचेच खेळाडू आहोत. ते मतदारांना पटायला चौदा वर्षं लागली.

इतका उशीर का झाला, याचं उत्तर सरळ आहे. शार्प सातच मोसम खेळला. १९९२ मध्ये त्याने १०८ झेल घेऊन लीगचा विक्रम केला, पुढच्या वर्षी ११२ घेऊन तो स्वतःच मोडला आणि १९९४ मध्ये तब्बल १८ टचडाउन पकडले. त्याच मोसमाच्या अखेरीस मानेच्या मणक्याची दुखापत निघाली आणि कारकीर्द तिथेच संपली. एकूण झेल ५९५, आणि विजेतेपद एकही नाही. दोन वर्षांनी, जानेवारी १९९७ मध्ये, ग्रीन बे पॅकर्स सुपर बोल जिंकले ते त्याच्याविना. पुढच्या वर्षी डेन्व्हरने त्याच पॅकर्सना अंतिम सामन्यात हरवलं. डेन्व्हरकडून खेळणाऱ्या शॅननने विजेत्याची आपली पहिली अंगठी थोरल्या भावाला दिली. ती अंगठी ज्या संघाला हरवून मिळाली होती, त्याच संघासाठी स्टर्लिंगने मान गमावली होती.

आकडे कमी पडले म्हणून शार्प थांबला. पण ज्यांच्या नावावर आकडाच नसतो, त्यांचं काय? पॅकर्सच्या इतिहासातले थोर खेळाडू मोजायला बसलं की मला हा प्रश्न सोडत नाही.

या क्लबच्या नावावर १३ विजेतेपदं आहेत. लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघाकडे इतकी नाहीत. शंभर वर्षांहून अधिक काळात त्यांनी फक्त सहा खेळाडूंचे जर्सी क्रमांक कायमचे निवृत्त केले: टोनी कॅनडेओचा ३, ब्रेट फार्वचा ४, डॉन हटसनचा १४, बार्ट स्टारचा १५, रे निट्श्कीचा ६६ आणि रेजी व्हाइटचा ९२. त्यात चेंडू फेकणारे आहेत, पकडणारा आहे, घेऊन पळणारा आहे, समोरच्याला आडवं करणारे आहेत. वाट मोकळी करून देणारा मात्र एकही नाही. आक्रमक फळीतल्या त्या पाच जणांपैकी एकाचाही क्रमांक या यादीत नसावा, आणि तेही प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या संघात, हे मला अन्यायाचं वाटतं.

लोम्बार्डी १९५९ मध्ये आले, त्याच्या आदल्या मोसमात पॅकर्सनी बारापैकी एकच सामना जिंकला होता. लोम्बार्डींनी सगळा डोलारा एका चालीवर उभा केला, तिचं नाव पॉवर स्वीप. चेंडू पॉल हॉर्नंग किंवा जिम टेलरच्या हातात जायचा. त्याच क्षणी मधल्या दोघा गार्डांनी, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन यांनी, आपली जागा सोडून रेषेला समांतर धावायचं, कडेला वळायचं आणि समोर येईल त्याला बाजूला सारत पुढे घुसायचं. शंभर किलोंच्या वरच्या या माणसांनी धावकाच्याही पुढे राहायचं होतं. ही चाल येणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असायचं, प्रेक्षकांनाही ठाऊक असायचं, तरी ती अडत नसे. सात वर्षांत पाच विजेतेपदं आली: १९६१, ६२, ६५, ६६ आणि ६७.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र टेलरचे यार्ड छापून यायचे. क्रेमरने किती जणांना आडवं केलं, त्याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं.

लोम्बार्डींना या कामाची पुरती जाण होती. आपण घडवलेल्या खेळाडूंत सर्वोत्तम कोण, यावर त्यांनी स्टारचं किंवा हॉर्नंगचं नाव घेतलं नाही. त्यांनी नाव घेतलं फॉरेस्ट ग्रेगचं. ग्रेग टॅकल होता, गरज पडली तेव्हा गार्ड म्हणूनही उभा राहिला आणि ओळीने १८८ सामने खेळला. खुद्द लोम्बार्डींची साक्ष असलेल्या खेळाडूचा ७५ क्रमांक पुढे केन रटगर्स आणि ब्रायन बुलागा यांनी घातला. दोघेही चांगले टॅकल होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण १५ क्रमांकाची जर्सी अशी कुणाला देण्याचा विचारही ग्रीन बेमध्ये होणार नाही.

क्रेमरची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागणारी आहे. १९६९ मध्ये लीगने पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला, त्यात गार्डच्या जागी तो होता. त्या संघातले बाकी सगळे एकेक करून हॉलमध्ये गेले आणि हा बाहेरच राहिला. अंतिम यादीत दहा वेळा नाव येऊन गळलं. किशोरवयात पोटात घुसलेल्या लाकडाच्या ढलप्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये बाहेर काढल्या, त्यानंतरही हा माणूस तीन विजेतेपदं खेळला. १९६२ च्या अंतिम सामन्यात यँकी स्टेडियमच्या वादळी वाऱ्यात त्यानेच तीन फील्ड गोल मारले होते. अखेर २०१८ मध्ये मतदारांना जाग आली, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.

लोकांना तो आठवतो ते एका क्षणामुळे. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बेमध्ये तापमान उणे २५ अंश सेल्सियस. मैदानाखालची तापवण्याची यंत्रणा बंद पडलेली, पंचांच्या ओठांना शिट्ट्या चिकटलेल्या. डॅलस तीन गुणांनी पुढे. उरले १६ सेकंद आणि जायचं होतं जेमतेम पाऊणएक यार्ड. टाइम आउट शिल्लक नव्हता. फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती, पण स्टारने चेंडू स्वतःजवळच ठेवला आणि क्रेमरच्या मागून रेषा ओलांडली. वाट करून देणारा क्रेमरचा हा ब्लॉक टीव्हीवर इतक्या वेळा दाखवला गेला की त्याच्या पुस्तकाचं नावच ‘इन्स्टंट रिप्ले’ ठेवलं गेलं.

ते चित्रण मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. डॅलसच्या जेथ्रो प्यूला मागे रेटणारा क्रेमर एकटा नाही, शेजारून सेंटर केन बोमनही त्यालाच ढकलतो आहे. पण श्रेय गेलं क्रेमरकडे. झाकलेल्या कामातही पुन्हा एक माणूस झाकला गेला. म्हणून मला वाटतं, या फळीचा सन्मान करायचा तर तो एकट्या क्रेमरपाशी थांबू नये.

स्टारचं मोठेपण याने कमी होत नाही. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा बादफेरीचे दहा सामने खेळला आणि नऊ जिंकला. फार्व पॅकर्सकडून सलग २५३ सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात उतरला. ॲरन रॉजर्सने चार वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि माझ्या मते निव्वळ चेंडू फेकण्यात तो तिघांत सरस. त्यांच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी भर घालत नाही. रेजी व्हाइटबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. १९९३ मध्ये खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक नुकतीच मिळाली होती, आणि सगळे मोठे क्लब त्याच्यामागे होते. कृष्णवर्णीय खेळाडू ज्या थंड, आडबाजूच्या गावी जायला नाखूश असत, ते ग्रीन बे त्याने स्वतःहून निवडलं. त्यानंतर इतरांनाही तिथे यावंसं वाटू लागलं. ९७ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन सॅक केले. मला त्याचा तो निर्णय या तीन सॅकइतकाच मोठा वाटतो.

आणि तरी, एकच नाव घ्यायचं तर मी हटसनचं घेईन. १९३५ ते ४५ या अकरा मोसमांत त्याने ९९ टचडाउन झेलले आणि तो विक्रम १९८९ पर्यंत टिकला. १९४२ मध्ये त्याचे झेल ७४ होते, त्याच्या पाठोपाठच्या खेळाडूचे अवघे २७. बचावात तो प्रतिस्पर्ध्याचे पास हवेतून उचलायचा आणि वर किकही मारायचा. १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध एकाच सत्रात त्याने २९ गुण केले: चार टचडाउन आणि पाच जादा गुणांच्या किक. युद्धामुळे लीग कमजोर होती, असा आक्षेप घेतात. तो मला पटत नाही, कारण १९४२ च्या आधीच सहा मोसम टचडाउन झेलण्यात तो लीगमध्ये पहिला होता. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. हटसनची सगळी कारकीर्द त्या बंद दाराआड गेली. त्याचा पहिला क्रमांक मी कायम ठेवतो, पण ही नोंद त्याच्या नावापुढे राहायला हवी.

ग्रीन बेचं ते दार १९५० मध्ये बॉब मानने उघडलं आणि लोम्बार्डींच्या काळात विली डेव्हिस, हर्ब ॲडर्ली, डेव्ह रॉबिन्सन आले. विली वूडला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. त्याने संघांना पत्रं लिहून संधी मागितली आणि पॅकर्सनी ती दिली. पहिल्या सुपर बोलमध्ये तिसऱ्या सत्रात कॅन्सस सिटीचा पास पकडून तो ५० यार्ड धावला, तिथून सामना फिरला. पुढे स्मृतिभ्रंशाने त्याची ती आठवणही नेली. २०२० मध्ये तो वारला.

पॅकर्सचा मालक कुणी अब्जाधीश नाही. पाच लाखांहून अधिक सामान्य भागधारकांचा हा क्लब आहे. त्यांच्या समभागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. तेव्हा कुणाचा गौरव कसा व्हावा, हे विचारण्याचा हक्क त्या लाखोंना आहे. पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड मैदानाच्या भिंतीवर हॉलमध्ये गेलेल्यांची नावं झळकतात, त्यात ग्रेग आणि क्रेमर आहेत. पण क्रमांक निवृत्त करणं हा त्याहून वरचा मान, आणि तो क्लबच्या हातात आहे, कँटनच्या मतदारांच्या नाही. रॉजर्सचा १२ आज ना उद्या निवृत्त होईलच. त्याच्या आधी ७५ व्हावा, आणि त्या दिवशी मैदानावर साठच्या दशकातल्या त्या फळीतल्या प्रत्येकाचं नाव पुकारलं जावं, केन बोमनचंसुद्धा.