कोरड्या तोंडाचा माग

कर्करोग हटला, पण तोंड कायमचं कोरडं पडलं. मान आणि डोक्याला किरणोपचार घेतलेल्या अनेकांची हीच कहाणी. पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरत नाही, दात भराभर किडतात, रात्री जीभ टाळूला चिकटते. लाळ तयार करणाऱ्या पेशी एकदा मेल्या की त्या परत येत नाहीत, असाच अनुभव होता.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन इथल्या संशोधक रॉब कॉप्स यांच्या गटाला हे पटत नव्हतं. ग्रंथीत कुठेतरी नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी दडून बसल्या असतील तर? त्यांनी उंदराच्या जबड्याखालची लाळग्रंथी घेतली, विकरांनी तिच्या पेशी सुट्या केल्या आणि पोषक द्रवात तरंगत ठेवल्या. तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली इवलेसे गोल पुंजके दिसू लागले. त्यांतून मूलपेशींची खूण मानलं जाणारं 'सी-किट' हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या मोजक्या पेशी वेचून त्यांनी उंदरांच्या किरणांनी निकामी झालेल्या ग्रंथीत टोचल्या. मग महिनोन्‌महिने वाट पाहणं आलं. अखेर आटलेल्या ग्रंथी पुन्हा पाझरू लागल्या! या गटातल्या इसाबेल लॉम्बर्ट आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी उट्रेक्टमध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी एका मूलपेशीपासून आतड्याची छोटी प्रतिकृती जेलमध्ये वाढवून दाखवली. तिथे उपयोगी पडलेला 'डब्ल्यूएनटी' हा वाढीचा संदेश ग्रोनिंगेनकरांनी लाळपेशींना दिला. २०१६ मध्ये तीही किमया साधली. एकेका पेशीतून नलिकेच्या आणि लाळ स्रवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी असलेल्या चिमुकल्या ग्रंथी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी माणसाच्या ग्रंथीतल्या मूलपेशींनीही उंदरांमध्ये लाळ परत आणली.

या ग्रंथींचं मोल कर्करोगापुरतं नाही. पाळी गेल्यावर अनेकींचं तोंड कोरडं पडतं, जिभेची आग होते, आणि 'वयच झालं' म्हणून विषय मिटवला जातो. पण माणसाच्या लाळग्रंथीत इस्ट्रोजेनचे ग्राही असतात; इस्ट्रोजेन कमी झाल्यावर तिथे नेमकं काय बिघडतं? उंदरांना आपल्यासारखी रजोनिवृत्ती येत नाही, आणि बाईच्या जिवंत ग्रंथीवर प्रयोग करता येत नाहीत. प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून वाढवलेल्या चिमुकल्या ग्रंथीला मात्र इस्ट्रोजेन देता येतं, काढून घेता येतं आणि प्रत्येक बदल पेशीगणिक तपासता येतो. तिला मज्जातंतू नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे तिचं उत्तर अपुरं असेल. तरीही बायकांच्या या तक्रारीला पुराव्यानिशी उत्तर शोधण्याची वाट तिच्यामुळेच खुली झाली आहे.

तोवर एवढं कराच. पाळी गेल्यानंतर तोंड सतत कोरडं राहत असेल तर अंगावर काढू नका. दंतवैद्यांना दाखवा, चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. डोळेही कोरडे पडत असतील तर शोग्रेन या आजाराची तपासणी करून घ्या. त्याचे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रियाच असतात.