ग्रंथपाल आणि विद्यार्थिसेवा : एक मागोवा

ग्रंथपालाच्या कर्तव्याची कल्पना गेल्या शतकभरात कशी विस्तारत गेली, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे दृष्टी प्रथम बडोदे संस्थानाकडे वळते. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेली रयत वाचनाच्या अभावी पुन्हा निरक्षर होऊ नये, या दूरदृष्टीने सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. आणि जे गाव वर्गणी जमवील त्यास सरकारी खजिन्यातून व पंचायतीकडूनही साहाय्य देण्याची तजवीज झाल्यामुळे ग्रंथालय ही केवळ दरबारची देणगी न राहता गावाची जबाबदारी झाली. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या, आणि वाचकाची वाट पाहत बसणारा ग्रंथपाल वाचकाच्या शोधात निघाला. पुढे १९३१ साली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे पाच ग्रंथालयसूत्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील मन्नारगुडी येथून ग्रंथांनी भरलेली बैलगाडी आसपासच्या गावांकडे निघाली.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदानाचा आधार दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या दोन प्रवाहांचा संगम व्हावयास हवा होता. परंतु तो जेथे झाला, तेथे बहुधा एखाद्या ग्रंथपालाच्या आस्थेमुळेच झाला.

कारण उघड आहे. दोन वर्षांत २४० तासांची सेवा देणारा विद्यार्थी उत्साह घेऊन येतो, पण गावाचा परिचय त्यास नसतो. आणि तो परिचय होतो न होतो तोच त्याची मुदत संपते. उलट कोणाची दृष्टी मंदावली म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवावयास हवे, कोणत्या मुलीचे वाचन शाळा सुटताच थांबले, कोणत्या वृद्धाच्या स्मरणात गावाचा इतिहास अजून शाबूत आहे, हे ग्रंथपालास ठाऊक असते. त्याच्या नोंदवहीत एका तुकडीचे अपुरे काम दुसऱ्या तुकडीच्या हाती देण्याइतके सातत्य असते, आणि सातत्यावाचून सेवा हा केवळ समारंभ ठरतो.

म्हणूनच गावातील सेवाशिबिराची आखणी करताना ग्रंथपालास प्रारंभापासून विचारविनिमयात घेणे, आणि तुटपुंज्या वेतनावर हा भार वाहणाऱ्या सेवकाची योग्य तरतूद करणे, ही शासनाची, महाविद्यालयांची आणि आपणा सर्वांची तितकीच निकडीची जबाबदारी आहे.