जॉर्जियन घराच्या खिडक्या वर जाताना लहान का होतात?

इंग्लंडमध्ये १७१४ ते १८३० या काळात चार जॉर्ज राजे झाले, म्हणून त्या काळातल्या बांधकामाला जॉर्जियन म्हणतात. ब्रिस्टलमधलं दगडी 'जॉर्जियन हाऊस' साधारण १७९०चं. आता तिथे म्युझियम आहे.

अशा घरांत दिवाणखान्याला उंच खिडक्या, तर सगळ्यात वर नोकरांच्या खोल्यांना छोट्या. म्हणजे घरात कुणाची काय किंमत, ते रस्त्यावरूनच दिसायचं! इथे तळघरात स्वयंपाकघर आहे आणि थंड पाण्यात डुंबायला हौदसुद्धा.

मालक जॉन पिनीचा पैसा कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यांतला, म्हणजे गुलामांच्या घामाचा. पेरो जोन्सला त्याने विकत घेतलं तेव्हा पेरो १२ वर्षांचा होता. पुढे तो याच घरात पिनीचा नोकर म्हणून राहिला. ब्रिस्टलच्या बंदरावरच्या एका पादचारी पुलाला १९९९मध्ये पेरोचं नाव दिलं गेलं.