वजनघटीची शस्त्रक्रिया : खर्च एकवेळचा, पथ्य आजन्म

गन कॅरेज फॅक्टरी (१९०४), खमरियाची आयुध निर्माणी, वाहन निर्माणी आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय यांमुळे जबलपूर हे नोकरदारांचे व निवृत्तिवेतनधारकांचे शहर बनले आहे. त्याच्या शेजारी मंडला व दिंडोरी हे आदिवासीबहुल जिल्हे आहेत. स्थूलता आणि कुपोषण या दोन्ही समस्या एकाच प्रदेशात कशा नांदतात, हे या परिसराच्या संदर्भात समजून घेता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) मध्य प्रदेशातील १३.६ टक्के स्त्रिया व १०.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे १६.६ व १५.६ टक्के झाले. त्याच फेरीत राज्यातील २३ टक्के स्त्रियांचे वजन मात्र प्रमाणापेक्षा कमी आढळले. यालाच पोषणाचा दुहेरी भार म्हणतात.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय मिळतो. तो २५ किंवा त्याहून अधिक असल्यास उपरोक्त सर्वेक्षणात ती व्यक्ती अतिवजनी अथवा स्थूल गणली जाते. आहार, व्यायाम व औषधे यांनी तीव्र स्थूलता आटोक्यात येत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. २०११ मध्ये नितीन गडकरी व २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्यावर झालेल्या अशा शस्त्रक्रियांमुळे हा उपचार देशभर चर्चेत आला.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकला जातो. त्यामुळे जठराची क्षमता घटते व भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे प्रमाणही कमी होते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. या दुसऱ्या प्रकारात वजन घटण्याबरोबरच पोषकद्रव्यांचे शोषणही कमी होते.

शस्त्रक्रियेनंतरचे जीवन

पहिले काही आठवडे आहार द्रव, मग मऊ आणि त्यानंतर घन, अशा क्रमाने वाढवला जातो. पुढे आयुष्यभर थोडे थोडे, सावकाश चावून खावे लागते. जेवताना पाणी पिणे टाळावे लागते. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात वेगाने उतरल्यास घाम, धडधड व भोवळ यांचा त्रास होऊ शकतो. जबलपूरच्या प्रसिद्ध खव्याच्या जलेबीशी असलेले नातेही त्यामुळे बदलते. सण, लग्नकार्य व पाहुणचार यांत अन्नाला असलेले स्थान पाहता हा बदल केवळ शारीरिक राहत नाही. घरच्यांनी आग्रह न करणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व डी व बी-१२ यांची कमतरता टाळण्यासाठी पूरक गोळ्या कायम घ्याव्या लागतात. शाकाहारी कुटुंबांत प्रथिने व बी-१२ यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. केस गळणे, पित्ताशयात खडे होणे, त्वचा सैल पडणे असे परिणामही संभवतात. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने उतरते. स्त्रियांना साधारणतः बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो.

स्वीडनमध्ये १९८७ पासून झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के उरली. म्हणजेच काही वजन परत येते, परंतु मोठा लाभ टिकतो. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

विमा आणि आवर्ती खर्च

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार रुग्ण किमान १८ वर्षांचा असणे, वैद्यकीय सल्ला असणे, तसेच बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असणे, या अटी पूर्ण न करणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळता येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र आशियाई व्यक्तींसाठी २७.५ ही मर्यादा सुचवली. कारण त्यांच्यात कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका वाढतो. वैद्यकीय निकष व विम्याचा निकष यांत असे अंतर पडले आहे.

याहून मूलभूत प्रश्न आवर्ती खर्चाचा आहे. शस्त्रक्रिया हा भांडवली खर्चासारखा एकदाच होतो. गोळ्या, रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञ व समुपदेशन यांचा खर्च दरवर्षी येतो. विम्याची रचना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याभोवती असते. आयुष्मान भारत योजनेतही (२०१८) घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचाच खर्च समाविष्ट आहे. जबलपूरमधील रेल्वेच्या किंवा केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्याला बाह्यरुग्ण सेवेचा आधार असतो. त्याच मोहल्ल्यात दुकानात काम करणाऱ्या, कोणत्याही योजनेत नसलेल्या माणसाने कर्ज काढून शस्त्रक्रिया केली, तर हप्ते फेडताना प्रथम गोळ्या व तपासण्या बंद होतात. रक्तक्षय किंवा मज्जातंतूंचे विकार नंतर उद्भवले, तर केलेली गुंतवणूकही वाया जाण्याचा धोका असतो.

देशाच्या एकूण आरोग्य खर्चात नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय आहे. तथापि दीर्घकालीन आजारांत खरा भार बाह्यरुग्ण उपचारांचा असतो.

समारोप

स्थूलतेचा प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. मंडला-दिंडोरीतील कोदो-कुटकीसारख्या भरडधान्यांना ताटात पुन्हा स्थान मिळणे व शहरांत चालण्याजोगे रस्ते असणे, हे त्याचे साधे मार्ग आहेत. मात्र ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे, त्यांच्यासाठी सार्वजनिक धोरणाने शस्त्रक्रियेच्या दिवसाबरोबरच पुढील वर्षांचाही हिशोब मांडणे आवश्यक आहे. वार्षिक तपासणी व पूरक औषधे जवळच्या आरोग्य केंद्रात मिळू लागली, तरच हा उपचार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येईल.